एसी घ्यायचा की कूलर? आधी खोली मोजू, बाया मोजू, मग यंत्र ठरवू



मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नवतपा सुरू होता. माझ्या क्लस्टरमधल्या एका गावात ग्रामसंघाची मासिक बैठक होती, दुपारी दोन वाजता. दोनच का, तर सकाळी रोजगार हमीचं काम, संध्याकाळी स्वयंपाक, मधली दुपारच काय ती मोकळी. खोलीत तीस बाया, दोन पंखे आणि डोक्यावर तापलेला स्लॅब. कर्जाच्या अर्जांचा विषय चालू होता आणि मागे बसलेल्या एक काकू एकदम भिंतीला टेकल्या. चेहरा लाल, बोलणं अडखळत. आम्ही त्यांना उचलून बाहेर कडुनिंबाखाली नेलं, ओल्या पदराने अंग पुसलं, वारा घातला. शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट दिलं. अर्ध्या तासाने त्या सावरल्या. आपलं नशीब चांगलं.

पण खरं नुकसान पुढे झालं. पुढच्या बैठकीला निम्म्याच बाया आल्या. लेकुरवाळ्या तर एकही नाही. कोरम भरला नाही, आणि पेरणीच्या तोंडावर अकरा जणींचे कर्जाचे अर्ज महिनाभर अडकले. त्यातल्या दोघींनी शेवटी सावकाराचं दार गाठलं. म्हणजे खोली तापते हा फक्त घामाचा प्रश्न नाही, तो आपल्या संघटनेचा प्रश्न आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ठरलं, खोलीत काहीतरी बसवायचं. मसाला विक्रीतून आणि फीमधून ग्रामसंघाकडे सत्तर हजार रुपये साचले होते. अध्यक्षताई म्हणाल्या, "एसीच घेऊ, एकदाचा विषय संपवू." दुकानदारानेही सांगितलं, "दीड टनाचा एक घ्या, आरामात पुरतो." फिटिंग धरून पंचेचाळीस हजारांचं कोटेशन आलं. सही होणारच होती, पण कोषाध्यक्षताईंनी एक साधा प्रश्न विचारला, "दीड टन म्हणजे काय? आणि तो आपल्याला पुरेल हे कशावरून?"

मला उत्तर देता आलं नाही. एमएसडब्ल्यूला हे कोणी शिकवत नाही. म्हणून मी आठवडाभर वेळ मागितला, तालुक्याला आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या एका सरांकडे बसले, गावच्या वायरमनदादांना सोबत घेतलं आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून फळ्यावर हिशेब मांडला. तोच हिशेब इथे देते. तुमच्या ग्रामसंघातही हा विषय निघणारच आहे.

खोलीत उष्णता येते कुठून?

यंत्र निवडण्याआधी हे समजून घ्यायचं. आपली खोली धरू २० फूट लांब, १५ फूट रुंद, १० फूट उंच. म्हणजे ३०० चौरस फूट. वर सिमेंटचा स्लॅब, पश्चिमेला एक खिडकी. उष्णता वॉटमध्ये मोजतात, बल्बवर लिहिलेलं असतं तेच वॉट.

पहिली वाट छताची. मे महिन्यात दुपारी उघड्या स्लॅबमधून अंदाजे २००० वॉट उष्णता खाली उतरते. टिनाचं छप्पर असेल तर त्याहून जास्त.

दुसरी वाट भिंती आणि खिडक्यांची. त्यातही पश्चिमेची भिंत जास्त त्रास देते. मिळून १५०० वॉट धरा.

तिसरी वाट ऐकून बाया हसल्या. ती म्हणजे आपण स्वतः. शांत बसलेला एक माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. जुन्या पिवळ्या बल्बएवढी. तीस बाया म्हणजे ३००० वॉट! छतापेक्षा जास्त.

चौथी वाट पंखे, दिवे, लॅपटॉप यांची, ५०० वॉट. आणि दार सारखं उघडतं, बाहेरची गरम हवा आत येते, त्याचे १००० वॉट.

बेरीज करा: २०००, १५००, ३०००, ५०० आणि १०००. एकूण ८००० वॉट. हा अंदाज आहे, नेमका आकडा खोलीप्रमाणे बदलेल. पण अंदाजानेसुद्धा बरंच काही कळतं.

टन म्हणजे काय?

एसीवरचा टन म्हणजे एसीचं वजन नव्हे. पूर्वी खोल्या आणि माल थंड करायला बर्फ वापरत. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी ताकद म्हणजे एक टन. आजच्या मापात साधारण ३५०० वॉट.

आता भागाकार करा. आपली उष्णता ८००० वॉट. ८००० भागिले ३५०० म्हणजे सव्वादोन टनांच्या वर. दुकानदाराने सांगितला होता दीड टन. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात घरची खोली होती, दोन-चार माणसं झोपणारी. आपल्या खोलीत तीस बाया बसतात हे त्याला आपण सांगितलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट. एसीची ताकद कंपनी मोजते तेव्हा बाहेर ३५ अंश तापमान धरलेलं असतं. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात ४४-४५ अंश असतात. बाहेर जितकं जास्त तापतं तितकी एसीची ताकद कमी पडते. म्हणजे आपल्याला दीड-दीड टनाचे दोन एसी लागले असते. नव्वद हजार रुपये. एक घेतला असता तर तो दिवसभर धडधडत राहिला असता, बिल आलं असतं आणि बाया तरी घामाघूमच राहिल्या असत्या.

मीटर झेपेल का?

दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालतो तेव्हा साधारण १५०० ते १७०० वॉट वीज घेतो. दोन म्हणजे ३२०० वॉटच्या आसपास. आता आपलं वीजबिल काढा. त्यावर 'मंजूर भार' असं लिहिलेलं असतं. आमच्या ग्रामसंघाच्या बिलावर होता एक किलोवॉट, म्हणजे १००० वॉट. दोन एसी-पंखे-दिवे सोडा, एक एसीसुद्धा त्यात बसत नव्हता. भार वाढवायचा म्हणजे अर्ज, अनामत, नवी वायर. आणि भार वाढला की महिन्याचा स्थिर आकारही बहुतेक वेळा वाढतो, मग एसी चालवा नाही तर बंद ठेवा.

वायरमनदादांनी अजून एक दाखवलं. संध्याकाळी गावात सगळ्यांचे पंखे-कूलर सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं. आमच्या खोलीत ते १७० पर्यंत आलेलं मोजलं. अशा वेळी एसी नीट चालत नाही, वारंवार बंद पडतो, नाही तर बिघडतो. आणि लाइन गेली तर साध्या इन्व्हर्टरवर पंखे चालतील, लहान कूलर चालेल, एसी चालणार नाही.

बंद खोलीचाही प्रश्न आहे. एसी लावला की दारं-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. भिंतीवरचा साधा एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. बंद खोलीत तीस बाया दोन तास बसल्या तर हवा कोंदट होते, डोकं जड होतं, झोप येते. एकीला खोकला असेल तर तो सगळ्यांना.

एसी वाईट आहे असं मी म्हणत नाही. आठ-दहा जणींची खोली असेल, कम्प्युटरचं काम असेल, भार मंजूर असेल, तर एसी चांगलाच. घ्याल तर इन्व्हर्टर एसी घ्या, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे जास्त तारे असलेला घ्या आणि २४ अंशांवर ठेवा. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात. तापमान एक अंशाने वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतं. सोबत पंखा हळू चालू ठेवला तर २६ सुद्धा पुरतात.

कूलर: आपल्या कोरड्या उन्हाचा दोस्त

माझी एक मैत्रीण कोकणातली. ती म्हणते, आमच्याकडे कूलर कोणी घेत नाही. बरोबरच आहे. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता हवेतून ओढून घेतं. माठातलं पाणी गार का होतं? तेच कारण. पण वाफ व्हायला हवा कोरडी लागते. कोकणातली हवा आधीच ओली, तिथे वाफ फारशी होत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की पापड दोन तासांत वाळतात. अशा हवेत कूलर मस्त चालतो.

बाहेर ४४ अंश आणि हवेत ओलावा १५ टक्के असेल, तर चांगल्या कूलरमधून निघणारी हवा २८-२९ अंशांची असते. खोली मात्र तेवढी गार होत नाही, कारण छत आणि आपण बसलेलो आहोतच. खोली ३१ ते ३३ अंशांवर येते. वरून पंख्याचा वारा असला की तेवढ्यात निवांत बसता येतं. हेच पावसाळ्यात, जुलैमध्ये, बाहेर ३२ अंश आणि ओलावा ८० टक्के असताना कूलर लावला, तर दोन-तीन अंशही उतरत नाहीत, उलट अंग चिकट होतं. तेव्हा कूलरचा पंप बंद ठेवायचा आणि नुसता वारा घ्यायचा.

आता माझी एक चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात मीच पुढाकार घेऊन कूलर घ्यायला लावला होता. तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या. अर्ध्या तासात खोलीचं न्हाणीघर झालं. कागद ओलसर, अंग चिपचिपीत. बाया म्हणाल्या, "मॅडम, यापेक्षा बाहेर झाडाखाली बरं." कूलर बिचारा चांगला होता, लावणारी चुकली होती.

कूलर नेहमी खिडकीबाहेर, सावलीच्या बाजूला लावायचा. त्याला बाहेरची कोरडी हवा ओढता आली पाहिजे. आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं ठेवायचं, म्हणजे ओली हवा बाहेर जाते. एसीला खोली बंद लागते, कूलरला उघडी. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि खोली उघडी असल्यामुळे तीस बायांना ताजी हवाही मिळते.

केवढा कूलर?

टाकी किती लिटरची यावर कूलर घेऊ नका. टाकी मोठी म्हणजे पाणी भरायला कमी फेऱ्या, एवढाच अर्थ. बघायचं ते हवा किती फेकतो. खोक्यावर ते 'घनमीटर प्रति तास' असं लिहिलेलं असतं.

हिशेब सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटात घ्या आणि गुणाकार करा. २० गुणिले १५ गुणिले १० म्हणजे ३००० घनफूट. खोलीतली हवा तासाला निदान ३० वेळा बदलली पाहिजे, म्हणून ३० ने गुणा: ९०,०००. घनफुटाचे घनमीटर करायला ३५ ने भागा: साधारण २५७०. म्हणजे या खोलीला कमीत कमी ताशी २५७० घनमीटर हवा हवी.

पण हा आकडा चार-सहा माणसांच्या खोलीचा. तीस बाया, तापणारा स्लॅब आणि कालांतराने क्षाराने भरणारे पॅड धरून आम्ही त्याच्या पावणेदोन पट घेतला, साधारण ४५००. एकच मोठा कूलर घेण्यापेक्षा २२०० ते २५०० चे दोन घेतले. एक बंद पडला तरी बैठक अडत नाही, आणि शिलाईवाल्या सहाच जणी असतील तेव्हा एकच चालवता येतो.

पाणी कोण आणणार?

हा प्रश्न दुकानात कोणी सांगत नाही. दोन्ही कूलर मिळून तासाला २५ लिटरच्या आसपास पाणी पितात. पाच तास चालले तर सव्वाशे लिटर, म्हणजे आठ-नऊ गुंड. मे महिन्यात गावात टँकर येत असेल तर हे पाणी आणायचं कोणी? आपणच, डोक्यावर. म्हणून ठराव करतानाच पाण्याचं ठरवा. नळाची तोटी जवळ आहे का? प्रत्येक गटाने आपापल्या बैठकीच्या दिवशी पाणी भरायचं, असं वाटून घेतलं तर एकीवर पडत नाही. पाण्याची फारच टंचाई असेल त्या गावात कूलरचा विचार दोनदा करा आणि आधी छताकडे वळा.

सगळ्यात स्वस्त यंत्र: चुना

खरं तर हे पहिलं सांगायला हवं होतं. छत पांढरं असेल तर ऊन परत फिरतं, काळपट असेल तर स्लॅब ते पिऊन घेतो. पांढऱ्या छताने खोलीत साधारण २ ते ५ अंशांचा फरक पडतो. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये छतं पांढरी करण्याचं कामही झालं. आपल्या शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांसाठी वेगळं धोरणच आणलं.

आपण काय करायचं? मार्च महिन्यात स्लॅब झाडून, शेवाळ खरवडून धुवायचा. पाण्यात कालवलेल्या चुन्यात थोडा चिकटवण्याचा डिंक घालून दोन हात मारायचे. पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी करायचं. दिवाळीला घर रंगवणाऱ्या बायांना हे काय अवघड? चुना मारताना डोळे आणि हात मात्र सांभाळा, तो भाजतो. टिनाचं छप्पर असेल तर ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग मिळतो, तो लावा आणि खालून बांबूच्या तट्ट्यांचं आढं करा. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून शेडनेट किंवा वाळ्याचा पडदा बांधा. पडदा आतून लावला तर ऊन आत येऊनच अडतं, बाहेरून लावला तर बाहेरच अडतं.

आमच्या हिशेबात छताचे २००० वॉट होते. चुना आणि नेट लावल्यावर त्यातली बरीच उष्णता आत यायचीच थांबते. तिच्यासाठी ना वीज, ना पाणी.

पंखे

तीनशे चौरस फुटांच्या खोलीला दोन पंखे कमी पडतात, चार लावा. जुना पंखा ७०-७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३० वॉटच्या आसपास. पण एक लक्षात ठेवा. खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर गेली असेल तर नुसता पंखा अंगावर गरम वारा फेकतो, त्याने गारवा मिळत नाही, उलट त्रास वाढतो. तेव्हा मानेवर ओला रुमाल, अंगावर पाण्याचा हात, आणि बैठक सकाळी घेणं हेच शहाणपण.

बिलाचा हिशेब

एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास चालवणं. हिशेबाला सोपा म्हणून मी युनिटचा दर दहा रुपये धरते, तुम्ही तुमच्या बिलावरचा धरा. उन्हाळ्याचे ६० दिवस, रोज ५ तास.

दोन कूलर (४०० वॉट) आणि चार नवे पंखे (१२० वॉट) मिळून ५२० वॉट. दिवसाला २.६ युनिट, हंगामाला १५६ युनिट. साधारण १५६० रुपये.

दोन एसी आणि पंखे मिळून सरासरी ३००० वॉट. दिवसाला १५ युनिट, हंगामाला ९०० युनिट. साधारण ९००० रुपये.

म्हणजे दर हंगामाला सात हजार चारशे रुपयांचा फरक. तेवढ्यात दोन बायांचं बियाणं येतं.

थंडीत हीटर लागेल का?

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे ८-१० अंश होतात, म्हणून एका गावाने हीटरचीही मागणी केली होती. इथेही तोच हिशेब लावा. तीस बाया मिळून ३००० वॉट देतात, म्हणजे दीड हीटर तर आपणच आहोत! फटी बुजवा, खाली सतरंजीखाली जुनी पोती अंथरा, वाऱ्याच्या बाजूची खिडकी लावा आणि बैठक अकरा वाजता उन्हं आल्यावर घ्या. हीटर लागत नाही.

सकाळच्या शिलाई वर्गासारखं पाच-सहा जणींचं काम असेल तर १५०० ते २००० वॉटचा एक हीटर पुरतो. लाल तार दिसणारा घेऊ नका, कापड आणि लेकरं जवळ असतात. तेल भरलेला बंद हीटर जास्त सुरक्षित. त्यालाही १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट लागतो, साध्या बोर्डावर किंवा एक्स्टेन्शनवर लावू नका. एसी घेणारच असाल तर गरम-थंड दोन्ही करणारा बघा. हीटर एका युनिटात एका युनिटाची ऊब देतो, असा एसी साधारण तीन युनिटांची. आणि बंद खोलीत शेगडी कधीच पेटवू नका. तिचा विषारी वायू वास न येता जीव घेतो.

जीव सांभाळून

दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. पाणी आणि वीज एका डब्यात असतात, म्हणून एवढं कराच:

- अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. तीन पिनांचाच प्लग वापरा. पिन तोडून दोन पिनांत घुसवू नका.
- बोर्डावर गळती झाली की वीज तोडणारं आरसीसीबी बसवा, ३० मिलिअँपिअरचं.
- पाणी भरताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पाणी. ओल्या हाताने, अनवाणी पायाने कूलरला हात नको.
- आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा आणि कोरडी होऊ द्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो.

शेवटी आम्ही काय केलं?

आधी छताला चुना मारला, पश्चिमेला शेडनेट बांधलं. जुने दोन पंखे काढून चार नवे लावले. दोन कूलर खिडक्यांबाहेर लोखंडी स्टँडवर बसवले, अर्थिंग नवं केलं, आरसीसीबी लावला. एकूण खर्च एकेचाळीस हजारांच्या आसपास. बाकीचे पैसे ग्रामसंघाच्या खात्यातच राहिले. कर्जासाठी असलेल्या समुदाय गुंतवणूक निधीला एक रुपयाही हात लावला नाही, आणि तुम्हीही लावू नका. मंजूर भारही वाढवावा लागला नाही.

यंदाच्या मे महिन्यातल्या बैठकीला एकतीस बाया आल्या. एसीसारखं गारेगार नव्हतं, खोटं कशाला सांगू. पण दोन तास बसता आलं, अर्ज त्याच दिवशी मंजूर झाले आणि त्या काकू पहिल्या ओळीत बसल्या होत्या. पाणी भरायची पाळी त्या दिवशी त्यांच्याच गटाची होती.

तुमच्या बैठकीत हा कागद घेऊन बसा

१. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटात किती? छत कशाचं?
२. एका वेळी जास्तीत जास्त किती बाया बसतात? (दर बाईला १०० वॉट)
३. खोली वर्षातून किती दिवस, किती तास, कोणत्या वेळी वापरतो?
४. बिलावर मंजूर भार किती? संध्याकाळी व्होल्टेज किती?
५. पाणी कुठून, रोज किती, कोण भरणार?
६. छताला चुना मारला का? पश्चिमेला सावली केली का?
७. हंगामाचं बिल किती येईल, आणि ते कोणत्या पैशातून भरणार?

सातही उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहा, मगच दुकानात जा. दुकानदाराने "एवढा पुरतो" म्हटलं की कागद पुढे करा आणि विचारा, "तीस बाया धरून पुरतो का, भाऊ?"

हिशेबात कुठे अडलात तर मला किंवा तुमच्या सीआरपी ताईंना बोलवा. मोजायची टेप मी घेऊन येते, फळा आणि खडू तुमचा.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक